शिल्पबाग उघडण्याआधी : गावाच्या ग्रुपवरची चर्चा

सरपंच ताई: तलावाजवळच्या ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीवरची शिल्पबाग दिवाळीनंतर सगळ्यांसाठी खुली करायची आहे. सिमेंटचा बैल दोन बोटं कलला. सदस्य म्हणतात, सगळ्याच शिल्पांना ऑइल पेंट मारून घेऊ. काय ते इथंच सांगा.

गवंडी काका: बैल नाई कलला ताई, खालची माती हालली. आपली काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन फुटांवर पाया ठेवला त दरवर्षी हेच होईन. खरं म्हणजे मुरूम लागेपर्यंत खोदाले पायजे. नाई जमलं त चार फूट काळी काढा आन् मुरूम भरा. थर सहा-सहा इंचाचे, प्रत्येक थरावर पाणी मारा आन् धुम्मसनं ठोका. ट्रॉली एकदम ओतली की पुढच्या पावसात बसलाच समजा.

वेल्डर भाऊ: मुरमाच्या खड्ड्यात पाणी साचन ना बा मग.

गवंडी काका: म्हणूनच चौथऱ्याभोवती तीन फूट सिमेंटचा पट्टा, उतार बाहेर. पाणी मुरलं की खालची काळी पुन्हा फुगते. बैल उचलताना पोटाखाली रुंद बेल्ट घ्या, साखळी नको. साखळीनं कोपरे उडतात.

कला सर: बैल पोकळ आहे. पोटात सगळ्यात खालच्या जागी अर्ध्या इंचाचं भोक हवं, नाहीतर आत ओल साचून सिमेंटातली लोखंडी जाळी गंजते. भोकाला बारीक जाळी लावा, गांधीलमाशा घर करतात.

आता दगडी शिल्पं. ती चौथऱ्यावर नुसती ठेवलेली आहेत, पोरं लोंबकळली की पडतील. 16 मिमीचा स्टेनलेसचा रॉड, 20 मिमीचं भोक, दगडात आठ इंच आणि चौथऱ्यात आठ इंच. भोकातली धूळ पंपानं फुंकून काढा, नाहीतर रॉड बसवायची इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायची चिकट) दगडाला न चिकटता धुळीला चिकटते. काम सकाळीच करा, तापलेल्या दगडात ती भराभर घट्ट होते. साधी सळई अजिबात नको. गंज चढला की ती फुगते आणि दगड आतून फोडते. वालुकाश्माचे थर आडवेच राहू द्या, उभे ठेवले की पापुद्रे सुटतात.

सदस्य भाऊ: पण पेंटनं चकाचक दिसन ना सर. पाहुणे येतात उद्घाटनाले.

कला सर: दिसेल, एक पावसाळा. दगड खालून ओल ओढतो. ऑइल पेंटनं तिची वाट बंद होते, मग पेंट फुगतो आणि दगडाची साल घेऊन निघतो. दुसरं म्हणजे, शिल्प विकलं तरी त्याची विद्रूप करणारी मोडतोड किंवा बदल रोखायचा कलाकाराचा हक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खाली शाबूत राहतो. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारनं काढलं, तर 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पाच लाखांची भरपाई द्यायला लावली. ब्रश उचलण्याआधी शिल्पकारांची लेखी परवानगी घ्या.

बचतगट ताई: पेंट नाई मारला तरी उभ्या दगडाले कोणी ना कोणी शेंदूर लावनारच, बाप्पा!

कला सर: लावतील. तारेचा ब्रश मात्र घासू नका. मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये कालवून जाड लेप द्या, वर प्लास्टिक, रात्रभर. सकाळी लाकडी पट्टीनं काढा, गरज पडली तर पुन्हा. शेंदरात शिसं असू शकतं, हातमोजे घाला.

वेल्डर भाऊ: लोखंडी झाडाच्या फांद्यांतली फट मोजली. 9 ते 23 सेंमीच्या मधातली फट धोक्याची, लेकराचं अंग जाते आन् डोकं अडकते. तिथं सळई टाकतो. काळी बाकडी सावलीत सरकवा, मे महिन्यात बसता येणार नाई.

सरपंच ताई: पेंटचे पैसे मुरमाकडे वळवते. किती लागेल काका?

गवंडी काका: खड्डा 8 बाय 8 बाय 4, म्हणजे 256 घनफूट. ठोकून बसते म्हणून पाव हिस्सा जास्त धरा, 320. शंभर घनफुटाचा एक ब्रास, म्हणजे सव्वातीन ब्रास. ट्रॉली खाली करायच्या आधी मूठभर ओला करून पाहा, हाताले चिकटला त तो मुरूम नाई, परत पाठवा.