'स्थलांतरित' कोण? आलेला की गेलेला?

सड्यावरून
देवगड तालुक्यातलं आमचं गाव. कलमांच्या बागांत राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांच्या मुलांसाठी लसीकरणाचा इंग्रजी फॉर्म मराठीत करते आहे. 'इमिग्रंट वर्कर'ला 'स्थलांतरित कामगार' लिहिलं. आशाताईंनी वाचलं नि म्हणाल्या, "स्थलांतरित तर माझा थोरला दीर, तो नालासोपाऱ्याला गेला. ही माणसं आलेली आहेत." तिथेच अडले. येणाऱ्याला वेगळा शब्द नाही का?

जुनी वही
आहे की. येणारा तो आप्रवासी, जाणारा तो उत्प्रवासी. नेमके शब्द आहेत. वापरत नाही म्हणून परके वाटतात.

कलमवाला
'आप्रवासी' म्हणून हाक मारली तर बागेतलं कोण ओ देईल? आमच्याकडे सरसकट 'गुरखा' म्हणतात. पाऊस सरला की येतात. फवारणी, वानर हाकणं, आंबा उतरवणं, पेट्या भरणं, सगळं त्यांच्यावर. ते नसतील त्या वर्षी माझी बाग उभी राहायची नाही. आणि 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, मग कागदोपत्री तरी ते आप्रवासी कसे?

तिठा
गुरखा म्हणू नका, कळकळीने सांगते. गोरखा हे नेपाळातल्या एका जागेचं नाव. आमच्या बागेतले दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) अछामचे, नेपाळच्या पार पश्चिमेकडचे. सात वर्षं आहेत, मुलगी आमच्या शाळेत चौथीत आहे. एकदा ती मला म्हणाली, "काकी, बाबांना नाव आहे." त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द बंद झाला. 'राखणदार' म्हणा ना.

जुनी वही
राखणदार आपला देव. माणसाला कसं म्हणणार?

तिठा
रात्रभर बॅटरी घेऊन बागेत फिरतो तो राखणदारच.

कलमवाला
'चाकरमानी' कुठल्या कोशातून आला? चाकर फारसी. घरटी एक माणूस मुंबईला, म्हणून गावाने शब्द घडवला. येणाऱ्यासाठी घडवला नाही, कारण त्यांना आपण गावात धरतच नाही. नेपाळीत कमवायला बाहेर पडणाऱ्याला 'लाहुरे' म्हणतात. रणजितसिंहाच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायचे, त्यावरून. म्हणजे चाकरमानीच तो, तिकडचा.

जुनी वही
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण फॉर्मवर 'लाहुरे' छापाल? सरकारी कागदाला एकच अर्थ निघेल असा शब्द लागतो. यावर मी ठाम आहे.

सड्यावरून
मी सध्या 'बागेत राहणारी कुटुंबे' लिहिलंय. आशाताईंना चालतंय. पण नेपाळी कुटुंबं सुटायला नकोत, आणि आमच्याच वाडीतली दोन घरंही बागेत राहतात...

तिठा
दाजूंची मुलगी आंबा काढायच्या काठीला 'घळ' म्हणते, अस्सल आपल्यासारखं. माझी भाची मुंबईहून येते, तिला तो शब्द माहीत नाही.

कलमवाला
घळ? आम्ही झेला म्हणतो.

जुनी वही
दोन्ही एकच का? माझ्या आजोळी घळीला पातं असायचं, देठ राखून कापायला. झेल्याला होतं का?