घोंगडीवरील पुस्तकाच्या आवरणासाठी खरी लोकर वापरावी का?

प्रश्न

नमस्कार. दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून घोंगडी विणणाऱ्या सनगर कारागिरांवरील लेखांचे आणि छायाचित्रांचे सुमारे २०० पानांचे पुस्तक आमचा लहानसा गट काढत असून त्याच्या ५०० प्रती छापण्याचा विचार आहे. मुखपृष्ठावर घोंगडीचे छायाचित्र छापून त्यावर चकचकीत लॅमिनेशन करावे, असे छापखान्याने सुचवले आहे. परंतु ज्या वस्तूचा खरखरीतपणा हाच आमचा विषय, तीच गुळगुळीत प्लॅस्टिकखाली दडवणे मला विसंगत वाटते. पुठ्ठ्यावर खरी घोंगडी चढवली तर ती टिकेल का? की ती केवळ चमत्कृती ठरेल?

प्रतिसाद १

मी बांधणीचे काम करतो, म्हणून टिकाऊपणापुरतेच लिहितो. घोंगडीची वीण सैल असल्याने ती थेट चिकटवल्यास सरस वर झिरपतो आणि सुकल्यावर कडक, चकाकणारे डाग उरतात. त्यासाठी कापडाच्या मागे आधी खळीने पातळ कागद लावून ते पूर्ण सुकू द्यावे आणि मगच पुठ्ठ्यावर चढवावे. दुसरी अडचण जाडीची आहे: पुठ्ठा आणि कणा यांच्यामधल्या सांध्यात जाड लोकर नीट दुमडत नाही आणि पुस्तक अर्धवट उघडे राहते. कणा आणि सांधे सुती कापडाचे ठेवून लोकर फक्त पुठ्ठ्यांवर घ्यावी. लोकरीच्या ओढीने पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकतो, तेव्हा आतूनही तेवढाच ताण देणारा कागद लावावा लागेल. कसर लागण्याचा धोका राहतोच. निदान कापड धुऊन, तेलकटपणा काढून मगच कामाला घ्यावे, म्हणजे चिकटही नीट धरेल.

प्रतिसाद २

चमत्कृतीच्या शंकेबद्दल. फ्रेंच लेखक गी दबोर आणि डॅनिश चित्रकार आस्गर यॉर्न यांच्या १९५९ च्या ‘मेम्वार’ या पुस्तकाचे आवरण सँडपेपरचे होते, त्यामुळे ते फडताळात शेजारच्या पुस्तकांना ओरखडे पाडत असे. त्याआधी १९२७ मध्ये फोर्तुनातो देपेरो या इटालियन चित्रकाराने आपले पुस्तक ॲल्युमिनियमच्या दोन मोठ्या बोल्टांनी बांधले होते, कारण यंत्रयुगाचा पुरस्कार करणारे पुस्तक यंत्रासारखेच खोलता-जोडता यावे. या दोन्ही ठिकाणी साहित्य विषयाचे चित्र दाखवत नाही, ते काहीतरी करते. आपली घोंगडी काय करते, हे आधी ठरवावे. माझ्या मते तिचे खरे वैशिष्ट्य खरखरीतपणाहूनही वेगळे आहे: चिंचोक्याच्या खळीमुळे ती नवी असताना ताठ असते आणि वापराने मऊ होत जाते. हातात घेऊन वाचता वाचता नरम पडणारे आवरण जमले, तर लोकर नसली तरी चालेल. खळ दिलेला जाड मांजरपाट, लॅमिनेशनविना, हे काम कमी खर्चात करू शकेल.

प्रश्नकर्ता

ताठपणाचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. तरीही लोकर पूर्णपणे सोडवत नाही. घोंगडी कापल्यावर कडा उसवतात, त्याचे काय करावे?

प्रतिसाद १

कापूच नका. पुस्तकाच्या उंचीइतक्या रुंदीची पातळ पट्टी मागावर विणून मिळेल का, हे कारागिरांना विचारा. मग पट्टीच्या विणलेल्या किनारी वर आणि खाली येतील, त्या दुमडाव्या लागणार नाहीत आणि फक्त दोन उभ्या कडा आत वळवाव्या लागतील. शिलाईसाठी मात्र हातसुताची लोकर वापरू नये. फर्म्यांच्या, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या, छिद्रांशी घासून ती तुटते, म्हणून दोरा सुतीच घ्यावा. शीर्षकही लोकरीवर छापण्याचा हट्ट धरू नये, कारण केसाळ पृष्ठावर बारीक अक्षरे फुटतात. सुती कण्यावर स्क्रीन प्रिंटिंगने ते स्वच्छ उठेल. सगळ्या प्रतींचे कापड मागवण्याआधी कोऱ्या पानांची एक डमी बांधून घ्या आणि ती पावसाळी दमट हवेत काही दिवस वजनाशिवाय उभी ठेवा. पुठ्ठा वाकणार असेल तर तिथेच कळेल.

प्रतिसाद ३

विक्रेत्यांशीही आधीच बोलून घ्यावे. पुष्कळ दुकानांत जाड बांधणीची पुस्तके पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवतात, आणि मग एवढ्या कष्टाने निवडलेला स्पर्श खरेदीआधी कोणाच्या हाताला लागतच नाही. प्रत्येक दुकानात एक उघडी प्रत ठेवण्याची अट घालावी आणि मळणारी ती प्रत तुम्हीच खर्चात धरावी.