शेंगा चटणीचं लेबल स्वतः करायचंय, सुरुवात कुठून करू? (सोलापूर)

जुळे_सोलापूर
नमस्कार. आमचा सहा जणींचा बचत गट आहे, शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतो. आजवर पाकिटावर साधी झेरॉक्स चिठ्ठी चिकटवत होतो. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, स्टॉल घ्यायचाय, म्हणून नीट लेबल आणि एक फलक हवा. मी बारा वर्षं दुकानाचे हिशेब लिहितेय, चित्रकला शाळेतच सुटली. कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपवर एक करून पाहिलं. मोबाइलवर लालभडक दिसत होतं, छापून आलं ते विटकरी. त्यात एकीला फुलांची वेल हवी, एकीला सिद्धेश्वराचं तळं, एकीला आम्हा सहा जणींचे फोटो. क्लास लावू का? तीन-चार हजार घालवायची तयारी आहे, पण उपयोग झाला पाहिजे.

जुळारी
ताई, आधी रंगाचं सांगतो, मी छापखान्यात पंचवीस वर्षं काढली. मोबाइल लाल, हिरवा, निळा उजेड मिसळून रंग दाखवतो. छापताना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर बसतात. उजेडाचा भडकपणा शाईला येत नाही. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शायांच्या रंगांत, करून घ्या आणि सगळी छपाई सांगण्याआधी एक प्रूफ, म्हणजे छापील नमुना, हातात घ्या. ते चटणी भरलेल्या पाकिटावर चिकटवून बघा. पारदर्शक पाकिटात चटणीचा तांबूस रंग मागे असतो, त्यावर लाल लेबल हरवतं.

चारी बाजूंना ३ मिमी रंग जास्त सोडा, नाहीतर कटिंगला पांढरी कड राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो छापायला देऊ नका, तो दाबून लहान झालेला असतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा. छापायला पीडीएफ द्या, अक्षरं कर्व्हज करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून. मग छापणाऱ्याच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये तुमचा फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत.

चाटी_गल्ली
क्लास नको हो ताई आत्ता. बारा वर्षं हिशेब लिहिलाय, म्हणजे मांडणी येते की तुम्हाला! खतावणीत रकमा एका रेषेत येतात, समास मोकळा सोडता, बेरजेखाली दोन रेघा मारता. पान उघडल्यावर नजर आधी बेरजेवर जाते, कारण तुम्ही ती तशी मांडलेली असते. लेबलात हेच करायचंय. आपल्याकडे चादरीचा नमुनासुद्धा आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढतात आणि मग त्यावरून जकार्डची, म्हणजे मागाला नमुना सांगणारी, भोकांची कार्डं पाडतात. तुम्हीही वहीच्या पानावर पेन्सिलीने चौकटी आखून सुरू करा, कॅनव्हा नंतर.

मग लेबल हात लांब करून धरा आणि डोळे बारीक करा. शेवटपर्यंत काय दिसत राहतं? तिथे ‘शेंगा चटणी’ हे दोन शब्दच हवेत. गड्ड्यात माणूस चालता चालता बघतो, त्याला वेल मोजायला वेळ नसतो. वेल, तळं आणि फोटो तिन्ही घातले तर नाव चौथ्या क्रमांकावर जाईल. एकच ठेवा किंवा एकही नको. रंगही दोन पुरेत, तिसरा कागदाचा पांढरा.

अक्षरवेडा
फॉन्टबद्दल मला मनापासून सांगायचंय. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे बलू आणि मुक्त दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि धंद्यालाही वापरता येतात. नावाला जाड बलू, बारीक मजकुराला मुक्त. तिसरा फॉन्ट आणू नका. इंग्रजीची सवय म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, आपली शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, कारण वर वेलांट्या आणि खाली उकार असतात. ‘शेंगा’मधला श आणि ‘सोलापूर’मधला ल हिंदी नव्हे, आपल्या मराठी वळणाचा आहे का तेही बघा. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ही वळणं मराठी आहेत.

डोळा तयार करायचा असेल तर कमल शेडगे यांनी केलेली नाटकांच्या जाहिरातींतली नावं शोधून बघा. नुसत्या अक्षरांवर सगळी जाहिरात उभी असायची.

होटगी_रोड
मागची बाजू आधी आखा, उरलेली जागा सजावटीला. घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची आणि वापराची तारीख, बॅच, एमआरपी, पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) १४ अंकी क्रमांक, शाकाहाराची खूण म्हणून हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते, ते वेगळं लिहावं लागतं. हा मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत लागतो, मराठी त्याच्या जोडीला. माझ्या बहिणीची पाचशे लेबलं यातली एक ओळ राहिली म्हणून वाया गेली.

जुळे_सोलापूर
सगळ्यांचे आभार. काल रात्री वहीतच आखलं. गडद तपकिरी पट्टी, त्यावर पांढऱ्यात नाव, बाकी काही नाही. सहाही जणींना हात लांब करून बघायला लावलं. वेलीचा आणि फोटोंचा आग्रह तिथेच सुटला. तळं फलकावर एका कोपऱ्यात घ्यायचं ठरलंय. भाकरीला हीच मांडणी, फक्त पट्टी हिरवी. फलकावर अक्षर किती मोठं हवं?

जुळारी
‘शेंगा’ एवढाच शब्द ए४ कागदांवर छापा, कागद जोडून गल्लीतल्या भिंतीवर लावा आणि वीस पावलं मागे जा. संध्याकाळी बघा, गड्ड्यात गर्दी दिवे लागल्यावरच असते. फ्लेक्सच्या फोटोला ३०० डीपीआय (इंचाला ठिपके) लागत नाही, १०० पुरेत.