शब्दचर्चा : प्रभाव ‘टाकतात’ की ‘पडतो’?

करवीरकाठ :
भाची नववीत आहे. शनिवारी तिची वक्तृत्व स्पर्धा, विषय ‘महासत्ता आणि लहान देश’. काल संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाता खाता तिनं भाषण वाचायला दिलं. दोन पानांत ‘अमेरिका प्रभाव टाकते’, ‘चीन प्रभाव टाकतो’, ‘रशियाने प्रभाव टाकला’ असं अकरा वेळा. मी म्हटलं, अगं, प्रभाव म्हणजे काय पेटीत टाकायचं पत्र आहे? तर म्हणाली, मग काय लिहू मामा, तुम्हीच सांगा. आणि मीच अडकलो. ‘वर्चस्व गाजवते’ म्हटलं की कुणी तलवार घेऊन दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. ‘प्रभाव’ म्हटलं की चांगल्या कीर्तनकाराचा पडतो तसला वाटतो. मधलं काय आहे आपल्याकडे? आणि कशाबरोबर कोणतं क्रियापद येतं?

जुने मास्तर :
प्रश्न क्रियापदाचाच आहे. मराठीत प्रभाव पडतो, वचक बसतो, जरब बसते, पगडा बसतो, दरारा असतो, दबदबा असतो. या वाक्यांत बलवान माणूस कर्ता नाहीच! हेडमास्तर व्हरांड्यातून नुसते गेले की वर्ग चिडीचूप. त्यांनी काही ‘टाकलेलं’ नसतं. दुसरा गट वेगळा : दबाव आणतात, धाक घालतात, वर्चस्व गाजवतात, अंकुश ठेवतात. इथं मात्र हात हलवावा लागतो. भाचीला सांगा, आधी हे ठरव की महासत्तेनं हात हलवला का.

उदाहरण देतो. २०१८ मध्ये अमेरिका इराणच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि निर्बंध परत आले. भारतासह आठ देशांना दिलेली सवलत मे २०१९ मध्ये संपली आणि आपल्या तेलकंपन्यांनी इराणी तेल घेणं थांबवलं. बंदराबाहेर कुणाच्या युद्धनौका उभ्या नव्हत्या. डॉलरमधले व्यवहार बंद होतील या भीतीनं बँका, विमा कंपन्या, जहाजवाले आपणहून मागे सरले. हा वचक. ‘प्रभाव टाकला’ लिहिलंत तर यातलं सगळंच निसटतं.

जाता जाता : ‘वर्चस्व’मधलं ‘वर्चस्’ म्हणजे तेज. आयुर्वेदात त्याच शब्दाचा अर्थ मळ असाही आहे. वर्चस्व गाजवणाऱ्यांनी दोन्ही लक्षात ठेवावेत.

तालमीतला :
मास्तर, एक नंबर. आमच्या वस्तादांनी सात वर्षांत कुणावर हात उगारलेला मी बघितला नाही, पण ते आखाड्याच्या कडेला येऊन बसले की पोरं न सांगता शंभर जोर जास्त मारायची.

एक शब्द आमच्याकडचा घ्या : खडाखडी. कुस्ती लागायच्या आधी दोघं एकमेकांच्या हाताला हात, मानेला मान लावून ताकद जोखतात, ती. डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, भारताला धाक दाखवायला अमेरिकेनं सातव्या आरमारातली ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडं पाठवली. ती निव्वळ खडाखडी. धाक दाखवला, पण बसला नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करलीच. धाक आणि ढाक यांत गल्लत करू नका भावांनो. ढाक हा डाव आहे, तो बसला की माणूस खरंच आडवा होतो.

मोडीवाचक :
जरब या शब्दावर कुणी थांबलं नाही म्हणून लिहितो. मूळ अरबी, अर्थ ‘तडाखा’. पण मोगली नाण्यांवरही हाच शब्द असतो : जरब अमुक ठिकाण, म्हणजे तिथल्या टांकसाळीत ठोकलेलं. ठोसा आणि नाणं एकाच शब्दात! आता मराठ्यांचा अंकुशी रुपया आठवा. त्यावर हत्तीच्या अंकुशाचं चिन्ह आपलं, पण फारसी मजकुरात नाव दिल्लीच्या बादशहाचं. तोवर बादशहाची सत्ता लाल किल्ल्याबाहेर फारशी उरली नव्हती, तरी त्याच्या नावाशिवाय रुपया बाजारात चालेना. कंपनी सरकारनंही १८३५ पर्यंत तेच केलं, मग राजा विल्यमचं तोंड छापलं. फौज मोडल्यावरही नाण्याची पत किती टिकते ते बघा, आणि मग डॉलरकडं बघा.

जरब बसणे याचा चोख दाखला १९५६ चा. नासरनं सुएझ कालवा राष्ट्रीय केला, तेव्हा ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलनं इजिप्तवर चढाई केली. अमेरिकेनं दोस्त ब्रिटनवर एक गोळी झाडली नाही. पौंड गडगडायला लागला होता, आणि माघार घेतल्याशिवाय आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आधार मिळू द्यायचा नाही एवढंच अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी धरून ठेवलं. ब्रिटननं ६ नोव्हेंबरला युद्ध थांबवलं. नाण्यानं बसलेली जरब ती.

शिरोली फौंड्री :
नाणेनिधीचं नाव निघालंय तर ‘वजन’ हा शब्द राहिला. ‘त्याचं वजन आहे’ असं आपण सरपंचाबद्दल म्हणतो. नाणेनिधीत ते खरोखर तोललेलं असतं. एक देश एक मत असं तिथं नाही. अमेरिकेकडं साधारण साडेसोळा टक्के मतं, आणि मोठ्या निर्णयाला पंच्याऐंशी टक्के लागतात. म्हणजे तिनं मान हलवली नाही तर बाकी सगळ्या जगानं हात वर करूनही भागत नाही. ‘वजन खर्च केलं’ हेही मराठी आहे बरं. वापरलं की ते कमी होतं.

आणि ‘दंड’. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, त्यातले २५ रशियन तेल घेतो म्हणून. त्याला जकात म्हणायचं का? जकात मालावर असते. हे वागणुकीवर होतं, म्हणून दंड. आमच्या एका गिऱ्हाइकाची मेल आली तेव्हा : कास्टिंग तयार असतील तर सध्या ठेवून घ्या, कळवतो. एक कडक शब्द नव्हता तीत. पण साहेबांनी दुसऱ्या दिवशी रात्रपाळी बंद केली.

करवीरकाठ :
भाचीनं एके ठिकाणी लिहिलंय, ‘दक्षिण कोरिया, जपान ही अमेरिकेची मांडलिक राष्ट्रे’. चालेल?

मोडीवाचक :
नाही चालणार. मांडलिक म्हणजे गादी स्वतःची, पण वरच्याला खंडणी द्यायची आणि बोलावणं आलं की फौजेनिशी हजर व्हायचं. (खंडणी म्हणजे मुळात खंडून, ठरवून घेतलेली रक्कम. आपण शेत ‘खंडानं’ देतो तेच नातं. आता तो शब्द पोलिसांच्या पथकाच्या पाटीवर जाऊन बसलाय.)

त्यातल्या त्यात जवळचा शब्द ‘तैनाती फौज’. निजामानं १७९८ ला घेतली, दुसऱ्या बाजीरावानं ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहात. कंपनीची फौज आपल्या राज्यात ठेवायची आणि तिच्या खर्चाला २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. आपल्याच पैशानं आपल्यावर पहारा. दक्षिण कोरियात आज सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिक आहेत आणि खर्चाचा वाटा कोरिया उचलतो, त्यामुळं तुलनेचा मोह होतो. पण बाजीरावाला ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. फिलिपीन्सच्या सिनेटनं १९९१ मध्ये सुबिक बेच्या तळाचा करार फेटाळला आणि पुढच्या वर्षी अमेरिकी आरमार निघून गेलं. २०१४ मध्ये नवा करार करून त्यांनीच सैन्याला पुन्हा जागा दिली, ही पुढची गोष्ट. चीनची भीती वाटली म्हणून. अशा देशाला ‘आश्रित’ म्हणा हवं तर, मांडलिक नको.

खरं मांडलिकत्व कसलं असतं ते कोल्हापूरकराला पुस्तकात शोधायला नको. १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांकडं गेलं. १८४४ ला सामानगडाच्या गडकऱ्यांनी बंड केलं, ते मोडल्यावर कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हातात गेला. चौथे शिवाजी महाराज तर १८८३ ला नगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या देखरेखीखाली वारले. गादी होती, मुजरे होते, तोफांची सलामी होती. महाराजांच्या छळाबद्दल कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर लिहिलं म्हणून टिळक-आगरकर १८८२ ला १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. या सगळ्या काळात पोलिटिकल एजंटाच्या, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या, बोलण्याला नाव काय होतं? ‘सल्ला’!

पेठेतली :
एवढे सगळे बाप्ये बोलला, मग मी पण एक सांगतो. ‘मिंधा’ कुणाला आठवला नाही? हातात काठी नाही, डोळे वटारलेले नाहीत, उलट ताट वाढलंय. ज्याचं खाल्लं त्याच्यापुढं तोंड उघडत नाही तो मिंधा. १९६५-६६ ला पाऊस नव्हता, अमेरिकेचा गहू पीएल-४८० या तिथल्या अन्नमदतीच्या कायद्याखाली यायचा आणि जहाजातून थेट ताटात जायचा. आपण व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल बोलायचो, ते तिथले अध्यक्ष जॉन्सनसाहेबांना खुपायचं. त्यांनी गहू बंद नाही केला, थोडा थोडा सोडला. प्रत्येक जहाजाची वाट बघायची. आमची आजी म्हणायची, उसन्या पिठाच्या भाकरीला आवाज नसतो. दबाव, वचक सगळं बाहेरनं येतं हो, मिंधेपणा आतनं येतो.

चीननं श्रीलंकेला दिलेलं कर्जही याच जातीचं का, असं कुणीतरी विचारणार. नाही. हंबनटोटा बंदर २०१७ ला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं गेलं, तिथं कागद आहे, अट आहे, आकडा आहे. त्याला आपल्याकडं सावकारी म्हणतात. सावकाराला माणूस शिव्या तरी देतो.

जुने मास्तर :
ताई, मिंधा हा या धाग्यातला सगळ्यात नेमका शब्द. हल्लीच्या सभांनी तो इतका वापरला की ऐकणाऱ्याला लगेच कुणाची तरी पार्टी दिसते, तेवढं वाईट झालं.

करवीरकाठ :
मंडळी, आभार. भाषण नव्यानं लिहून झालं. प्रभाव एकदाच आहे आणि तो पडतो. वचक इराणपाशी, जरब सुएझपाशी, खडाखडी तिनं हट्टानं ठेवली, आईनं नको म्हटलं तरी. गव्हाच्या परिच्छेदात ‘मिंधा’ घातला होता. आज शाळेतून वही परत आली, त्या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल करून बाईंनी वर ‘उपकृत’ लिहिलंय. मी फोन करून विचारलं, कुणी काही म्हणालं का? म्हणाल्या, नाही हो, कुणी काहीच म्हणालं नाही.