तेलात पहिल्यांदाच ॲसिटिलीन दिसला: ट्रान्सफॉर्मर काढायचा की चालवायचा?

(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कोअर-कॉइल

माझं मत आधीच सांगतो. ज्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वर्षानुवर्षं ॲसिटिलीन नव्हता, तिथे हा वायू २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) जरी दिसला आणि दुसऱ्या सँपलमध्येही तेच आलं, तर ट्रान्सफॉर्मर आधी लाइनवरून काढावा आणि मग विचार करावा. "मर्यादेच्या आत आहे, पुढच्या तपासणीत पाहू" हा शेरा डीजीएच्या (तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीच्या) अहवालांवर सर्रास दिसतो. मला तो धोकादायक वाटतो.

खनिज तेल तापलं की त्याचे रेणू तुटतात, आणि कोणता वायू सुटणार हे किती तापलं त्यावर ठरतं. ३०० अंशांच्या आत मुख्यतः मिथेन आणि इथेन. त्यापुढे इथिलीनचं प्रमाण वाढत जातं. ॲसिटिलीनमध्ये दोन कार्बनमध्ये तिहेरी बंध असतो, तो भरपूर प्रमाणात तयार व्हायला ८०० ते १२०० अंश सेल्सिअस लागतात. ओव्हरलोडने तेल इतकं तापत नाही. म्हणजे आत कुठेतरी ठिणगी पडते आहे, किंवा एखादा सांधा लालबुंद झाला आहे.

आता मर्यादेबद्दल. आयईसी ६०५९९ या आंतरराष्ट्रीय मानकात ॲसिटिलीनसाठी २ ते २० पीपीएम असा पट्टा दिला आहे (टॅप चेंजर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारा स्विच, त्याचं तेल मुख्य टाकीपासून वेगळं असेल तेव्हा). हे आकडे आले कुठून? चालू ट्रान्सफॉर्मरांची नोंद घेतली आणि ९० टक्के ज्याच्या खाली सापडले तो आकडा काढला. हा ट्रान्सफॉर्मर इतरांपेक्षा वेगळा आहे का, एवढंच त्यातून कळतं. तो निरोगी आहे का, हे त्या आकड्याला विचारताच येत नाही. शून्यावरून तीनवर गेलेला ट्रान्सफॉर्मर आणि दहा वर्षं आठवर स्थिर असलेला ट्रान्सफॉर्मर, यांपैकी मला पहिल्याची काळजी वाटते. तक्त्यात बघितलं तर दुसरा वाईट दिसतो.

ऑपरेशन डेस्क

काढा म्हणणं सोपं आहे. एक मोठा ट्रान्सफॉर्मर काढला की त्याचा भार शेजारच्यावर जातो, आणि तो शेजारचाही तितकाच जुना असतो.

ॲसिटिलीन म्हणजे दोष, हे समीकरण मला मान्य नाही. टॅप चेंजरचा डायव्हर्टर स्विच प्रत्येक टॅप बदलताना तेलात ठिणगी पाडतो, ते त्याचं कामच आहे. त्याच्या कप्प्याची सील जराशी गळली किंवा दोन्हींचे कंझर्व्हेटर (तेल फुगण्या-आकसण्यासाठी वर बसवलेल्या छोट्या टाक्या) वरून जोडलेले असले, तर तोच ॲसिटिलीन मुख्य टाकीत येतो. टाकीत तेल असताना बाहेरून वेल्डिंग केलं असेल तरी तो सापडतो. अशा वेळी ट्रान्सफॉर्मर बंद करून, उघडून काय मिळणार? आतला कागद ओलावा शोषतो, म्हणजे जो दोष नव्हता तो आपणच आत घालतो.

मी पुन्हा सँपल घेईन, लोड थोडा कमी करेन, टॅप बदलणं थांबवेन आणि वाढ बघेन. वाढ नसेल तर चालू ठेवेन.

कोअर-कॉइल

वाढ बघायची हे मान्य, पण किती दिवसांनी? तुमचं "पुन्हा सँपल" पुढच्या महिन्यातलं असेल तर आपण वेगवेगळ्या गोष्टी बोलतो आहोत. मी त्याच दिवशीच्या, फार तर दुसऱ्या दिवशीच्या सँपलबद्दल बोलतोय.

आणि काढणं म्हणजे उघडणं नव्हे. बंद केल्यावर आधी वाइंडिंग रेझिस्टन्स, रेशो, मॅग्नेटायझिंग करंट, टॅन डेल्टा (इन्सुलेशनची चाचणी), एसएफआरए (वाइंडिंग जागचं हललं आहे का ते पाहणारी चाचणी). यातली एकही टेस्ट टाकी उघडून करायची नसते. सैल सांधा असेल तर बहुतेकदा रेझिस्टन्समध्येच कळतो.

तेलशाळा

मी प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिते, कारण तुमचं दोघांचं भांडण ज्या आकड्यावर चाललंय तो आकडा येतो कसा, हे कुणीच बोललं नाही.

सँपल काचेच्या सिरिंजमध्ये, एकही बुडबुडा न ठेवता घ्यायचं असतं, प्रकाशापासून झाकून ठेवायचं असतं. व्हॉल्व्हच्या नळीत साचलेलं जुनं तेल आधी वाहू द्यायचं असतं. हे नीट झालं नाही तर सगळ्यात आधी हायड्रोजन निसटतो, कारण तो तेलात टिकून राहतच नाही. २५ अंशांना त्याचा ओस्टवाल्ड गुणांक (समतोलात वायूचं तेलातलं प्रमाण भागिले गॅसमधलं प्रमाण) साधारण ०.०५ आहे, ॲसिटिलीनचा १.२, इथेनचा २.४. म्हणजे सिरिंजमध्ये छोटा बुडबुडा राहिला तर हायड्रोजन मोठ्या प्रमाणात तेल सोडून त्या बुडबुड्यात जातो आणि इथेन जवळपास जागेवर राहतो. मग गुणोत्तरं काढायची, कशाची?

शिवाय १-२ पीपीएम हा आकडा मोजणीच्या तळाला असतो. तिथली अनिश्चितता ५० पीपीएमवरच्या अनिश्चिततेपेक्षा कितीतरी जास्त. दोन वेगळ्या प्रयोगशाळांत एकाच तेलाचे आकडे १ आणि ३ आले तर मला नवल वाटत नाही.

म्हणून मी एकट्या ॲसिटिलीनवर विश्वास ठेवत नाही. खरोखर आर्किंग (आत ठिणग्या पडणं) असेल तर हायड्रोजनही सोबत वाढायला हवा. ॲसिटिलीन आणि हायड्रोजनचं गुणोत्तर २-३ च्या वर गेलं, तर आधी टॅप चेंजरचं तेल गळतंय का ते पाहा. ऑपरेशन डेस्क यांचा तो मुद्दा याच गुणोत्तराने तपासता येतो. मात्र कंझर्व्हेटर उघड्या श्वासाचा असेल, म्हणजे रबरी पिशवी नसलेला, तर हायड्रोजन आपोआप कमी होत राहतो आणि हे गुणोत्तर फसवू शकतं. त्यामुळे टॅप चेंजरच्या कप्प्यातलं तेलही त्याच दिवशी घ्या.

रिले पॅनल

सगळे सिरिंजवर बोलताय. बुखोल्झ रिले कुणाला आठवत नाही का? १९२१ साली माक्स बुखोल्झ यांनी त्याचं पेटंट घेतलं, आणि आजही टाकी आणि कंझर्व्हेटरच्या मधल्या पाइपात तो बसवलेला असतो. वरचा फ्लोट साठलेल्या गॅसवर अलार्म देतो, खालचा तेलाच्या लोंढ्यावर ट्रिप करतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, तो चोवीस तास जागा असतो. माझ्या मते २ पीपीएमवर घाबरून ट्रान्सफॉर्मर काढण्यापेक्षा बुखोल्झची दर वर्षी नीट चाचणी घ्या. तो ठीक असेल तर ट्रान्सफॉर्मर जळण्याआधी सुटतो.

कोअर-कॉइल

सुटतो, पण कोणत्या अवस्थेत? बुखोल्झमध्ये गॅस साठायला तो आधी बुडबुडा म्हणून वर यावा लागतो. हळू निघणारा गॅस वाटेतच तेलात विरघळतो. तेल संपृक्त होईपर्यंत, किंवा गॅस विरघळण्यापेक्षा वेगाने सुटेपर्यंत, रिलेला काहीच कळत नाही. म्हणजे महिनोन्महिने चाललेला दोष त्याच्या नजरेतच नाही. आणि खालचा फ्लोट हलतो तेव्हा वाइंडिंगचं जे व्हायचं ते झालेलं असतं. टाकी फुटू नये, आग लागू नये, यासाठी तो अमूल्य आहे. वाइंडिंग वाचवायला तो उशिरा येतो.

तेलशाळा

इथे एक भर घालते, कारण बुखोल्झ आणि डीजीए यांना एकमेकांविरुद्ध उभं करणं चुकीचं आहे. ते एकत्र वाचले की सगळ्यात चांगली माहिती मिळते, आणि हे फार कमी जण करतात.

अलार्म आला की रिलेतला गॅस आणि तेल दोन्हींचं सँपल घ्या. समजा रिलेतल्या गॅसमध्ये हायड्रोजन २० टक्के, म्हणजे २,००,००० पीपीएम. त्याला ०.०५ ने गुणा, १०,००० आले. हा गॅस तेलाबरोबर समतोलात असता तर तेलात १०,००० पीपीएम हायड्रोजन असायला हवा होता. तेलात प्रत्यक्षात २०० च सापडले, तर गॅस विरघळायची फुरसत न मिळता थेट वर आला आहे. दोष जोरात आणि आत्ता चालू आहे, ट्रान्सफॉर्मर पुन्हा चार्ज (चालू) करायचा विचारही करू नका. दोन्ही आकडे जुळत असतील तर गॅस सावकाश, बऱ्याच काळापासून बनतो आहे. आणि रिलेत नुसता नायट्रोजन-ऑक्सिजन असेल तर बहुधा हवा आहे: पंपाच्या सक्शन बाजूला गळती, किंवा तेल भरल्यावर अडकून राहिलेली.

गॅसचा रंग बघून "पांढरा म्हणजे कागद, पिवळा म्हणजे लाकूड" असं सांगणारे जुने लोक अजून भेटतात. कृपया त्यावर निर्णय घेऊ नका.

सेन्सरपक्ष

या सगळ्याचं उत्तर ऑनलाइन मॉनिटर आहे. काही तासांनी एकदा आकडा मिळाला तर "दुसरं सँपल कधी" हा वादच उरत नाही. सहा महिन्यांतून एक सँपल घेऊन वाढीचा वेग कसा काढणार? दोन बिंदूंमधून रेघ काढता येते, पण मधे काय झालं ते कळत नाही. फोटोअकूस्टिक असो वा गॅस क्रोमॅटोग्राफवर चालणारा, बहुवायू मॉनिटर प्रत्येक मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर असायलाच हवा.

ऑपरेशन डेस्क

असायला हवा म्हणता, पण अलार्म आला की फोन मला येतो. फक्त हायड्रोजन मोजणारे मॉनिटर जास्त बसवले जातात. काही तेलं काही दोष नसताना, साध्या चालू तापमानालाही हायड्रोजन आणि मिथेन सोडतात. स्ट्रे गॅसिंग. नवा ट्रान्सफॉर्मर, नवं तेल, आणि हायड्रोजन चढत जातो. ऑपरेटरने दोन वेळा धावपळ केली, काही सापडलं नाही, की तिसऱ्या वेळी तो अलार्मची मर्यादाच वाढवून ठेवतो. मग खरा अलार्म कोण ऐकणार?

सेन्सरपक्ष

म्हणूनच बहुवायू म्हटलं. आणि अलार्म आकड्यावर न लावता वेगावर लावायचा.

तेलशाळा

वेगावर लावा, पण मॉनिटरचा सेन्सर स्वतः सरकतो हे विसरू नका. पडदा जुना होतो, बेसलाइन हळूहळू हलते. अधूनमधून सिरिंजचं सँपल घेऊन तुलना केलीच पाहिजे. मॉनिटर आला म्हणून सँपल बंद करणारे मी पाहिले आहेत, ते मला अजिबात पटत नाही.

वाइंडिंग कागद

मी पूर्ण उलट बाजूने बोलतो. गॅसवर आपला एवढा भर आहे की गॅस नाही म्हणजे सगळं ठीक, असं वाटू लागलं आहे. तेलातल्या संक्षारक गंधकामुळे तांब्यावर आणि कागदावर कॉपर सल्फाइडचा थर बसतो, वळशांमधलं इन्सुलेशन पातळ होतं आणि एके दिवशी ट्रान्सफॉर्मर जातो. या प्रकारच्या अनेक बिघाडांत डीजीएने आधी काहीच सांगितलं नव्हतं. बुशिंग (तार टाकीबाहेर नेणारा इन्सुलेटर) फुटतं, तेव्हाही मुख्य टाकीतल्या तेलाला त्याची खबर नसते, कारण बुशिंगचं तेल सहसा वेगळं असतं. विजेच्या लाटेने वळसे शॉर्ट झाले तर सगळं निमिषात संपतं.

आणि कागदाबद्दल कुणीच बोललं नाही! तेल बदलता येतं, गाळता येतं. कागद बदलायचा तर नवं वाइंडिंग करावं लागतं. कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडचं गुणोत्तर ३ च्या खाली आलं आणि बाकी वायूही वाढले असतील, तर कागद जळतो आहे असा संशय घ्यायला हवा. माझ्या दृष्टीने ५० पीपीएम इथिलीन कोअरच्या उघड्या धातूवरून येत असेल तर ते चालेल, पण ५ पीपीएम कागदाखालच्या सांध्यातून येत असतील तर झोप उडायला हवी.

कोअर-कॉइल

तुमचा शेवटचा परिच्छेद माझ्याच बाजूचा आहे. किती गॅस यापेक्षा कुठून आणि कोणत्या वेगाने, हेच मी म्हणतोय. सगळे ज्वलनशील वायू एकत्र मिळवून एक बेरीज काढायची जुनी पद्धत होती, तीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा इतका मोठा असतो की ॲसिटिलीन शून्यावरून दहावर गेला तरी बेरजेत दिसत नाही. आयईईईच्या सी५७.१०४ मार्गदर्शिकेने २०१९ च्या आवृत्तीत ती बेरीज सोडून दिली, आणि ते बरंच झालं.

दुव्हाल त्रिकोण, म्हणजे तीन वायूंच्या प्रमाणावरून दोषाचा प्रकार ओळखायची आकृती, त्याचंही तसंच. मिथेन, इथिलीन, ॲसिटिलीन यांची टक्केवारी काढली की बिंदू त्रिकोणात कुठेतरी पडणारच, कारण त्यात "निरोगी" असा कप्पाच नाही. म्हणून आधी वाढ खरी आहे हे ठरवा, मग त्रिकोण काढा, आणि तोही वाढलेल्या फरकाचा. एकूण आकडा घातला तर जुना गॅस नव्या दोषाला झाकतो.

संक्षारक गंधक आणि बुशिंग हे मान्य. त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या हव्यात. पण गॅस सगळं सांगत नाही म्हणून तो जे सांगतो ते ऐकायचं नाही, हे मला पटत नाही.

ऑपरेशन डेस्क

एक व्यवहारातला उपाय कुणी बोललं नाही. तेल फिल्टर करून गॅस काढून टाका, शून्यापासून सुरुवात करा, आणि पुन्हा येतो का बघा. आला तर दोष, नाही आला तर जुनी गोष्ट.

तेलशाळा

ठोस कारणाशिवाय हे करू नका. फिल्ट्रेशनने वाढीचा सगळा इतिहास पुसला जातो. आणि खरं शून्य मिळतही नाही: कागदात मुरलेल्या तेलातला गॅस पुढचे आठवडे हळूहळू बाहेर येत राहतो. ती वाढ बघून कुणी "दोष चालू आहे" म्हणेल, आणि दुसरा कुणी "हा कागदातला आहे" म्हणून खरा दोष सोडून देईल. करायचंच असेल तर आधीचं सँपल जपून ठेवा, आणि नंतर सुरुवातीला लवकर लवकर सँपल घ्या. कागदातून येणाऱ्या गॅसची वाढ दिवसेंदिवस मंदावते, चालू दोषाची मंदावत नाही.

ऑपरेशन डेस्क

ठीक, फिल्ट्रेशन मागे घेतो. पण शून्यावरून २ पीपीएम झाला म्हणून लगेच काढणं मला अजूनही मान्य नाही. टॅप चेंजरचं तेल आणि हायड्रोजन बघितल्याशिवाय मी ब्रेकर उघडणार नाही.

कोअर-कॉइल

ते दोन्ही अहवाल एका दिवसात हातात येणार असतील, तर तोवर थांबायला माझी हरकत नाही. त्या दिवसात लोड कमी, टॅप बंद, आणि ट्रान्सफॉर्मरजवळ विनाकारण कुणीही उभं राहायचं नाही. अहवालाला आठवडा लागणार असेल, तर मी आधी काढेन.