स्थिर दाबावरील उष्णता अवस्था फलन का मानत नाहीत?

प्रश्न

आंतरिक ऊर्जा, एन्थाल्पी (आंतरिक ऊर्जा अधिक दाब आणि आकारमान यांचा गुणाकार) आणि एन्ट्रॉपी ही अवस्था फलने आहेत, म्हणजे त्यांचे मूल्य फक्त त्या वेळच्या अवस्थेवर ठरते, तर उष्णता आणि कार्य ही मार्ग फलने आहेत, म्हणजे ती बदल कोणत्या मार्गाने झाला यावर ठरतात, इथपर्यंत मला समजते. पण पाठ्यपुस्तकात त्याच प्रकरणात पुढे, दाब स्थिर असताना देवघेव झालेली उष्णता एन्थाल्पीतील बदलाइतकी असते, असे सिद्ध केले जाते. तो बदल फक्त आरंभीच्या आणि शेवटच्या अवस्थेवर ठरतो. मग त्याच्याइतकीच असलेली उष्णता मार्गावर अवलंबून कशी? हेसचा नियमही (अभिक्रिया एका टप्प्यात झाली काय किंवा अनेक टप्प्यांत, एकूण उष्णता तेवढीच) उष्णतेविषयीच आहे ना?

उत्तर 1

स्थिर दाबाची अट घातली, की मार्गावरच बंधन येते, म्हणून तेवढ्यापुरती उष्णता एका अवस्था फलनाच्या बदलाइतकी भरते. अट काढून पाहा. एक मोल आदर्श वायू 300 केल्विन तापमानाला 10 लिटरवरून 20 लिटरपर्यंत रिव्हर्सिबल पद्धतीने (म्हणजे इतका सावकाश, की प्रत्येक क्षणी समतोल राहील आणि बदल उलटवता येईल) पसरवला, तर तो 1729 ज्यूल उष्णता घेतो. बाहेरचा दाब एकदम निम्म्यावर आणला तर 1247 ज्यूल घेतो. निर्वातात पसरू दिला तर काहीच घेत नाही. आंतरिक ऊर्जा आणि एन्थाल्पी यांतील बदल मात्र तिन्ही वेळा शून्यच असतो.

उत्तर 2

वरील उत्तर बरोबर आहे, पण नुसता दाब स्थिर असणेही पुरत नाही. प्रसरणाखेरीज दुसरे कोणतेही कार्य होत नसले पाहिजे, ही अट बहुतेक विद्यार्थी वाचून पुढे जातात, आणि माझ्या मते सगळे मर्म तिथेच आहे. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात जस्ताची पूड टाकली, की निळा रंग फिका होत जातो, तांबे तळाशी बसते आणि भांडे चांगलेच तापते: प्रमाण स्थितीत 25 अंश सेल्सिअसला प्रत्येक मोल जस्तामागे सुमारे 219 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हीच अभिक्रिया डॅनियल यांनी 1836 मध्ये तयार केलेल्या विद्युत घटात जवळजवळ रिव्हर्सिबल पद्धतीने घडवली, तर सुमारे 213 किलोज्यूल विद्युत कार्य मिळते आणि उष्णता जेमतेम 6 किलोज्यूल उरते. दोन्हीकडे दाब, तापमान आणि एन्थाल्पीतील बदल तोच आहे. उष्णता मात्र निराळी आहे.

हेस यांनी 1840 मध्ये नियम मांडला तो विद्युत कार्य न करणाऱ्या अभिक्रियांच्या मोजमापांवरून, म्हणून तिथे उष्णतेची बेरीज जुळते.

प्रश्नकर्ता

घटाच्या उदाहरणाने शंका फिटली, आभारी आहे. पण मग एन्ट्रॉपीतील बदल म्हणजे उष्णता भागिले तापमान, अशी व्याख्या असूनही एन्ट्रॉपी अवस्था फलन कशी?

उत्तर 2

कारण त्या व्याख्येत फक्त रिव्हर्सिबल मार्गावरील उष्णता घ्यायची असते. घटातील सुमारे 6 किलोज्यूलला 298 केल्विनने भागले, की अभिक्रियेची एन्ट्रॉपी केल्विनमागे सुमारे 20 ज्यूलने घटल्याचे मिळते, आणि भांड्यातील अभिक्रियेसाठीही हाच आकडा लागू होतो. तिथल्या 219 किलोज्यूलला 298 ने भागल्यास भोवतालच्या एन्ट्रॉपीत झालेली वाढ मिळते.