रिवाइंड दाबून संपवलेला जुना गेम ‘संपवला’ म्हणायचा का?

जुनी_खोड (धागाकर्ता)

जुने कन्सोल गेम नव्या मशीनवर पुन्हा विकायला येतात तेव्हा त्यांत दोन सोयी ठरलेल्या असतात. वाटेल तिथे सेव्ह करा आणि मेलात की रिवाइंड दाबून काही सेकंद मागे जा. मग लोक ऐटीत सांगतात, “निन्जा गायडेन एका बैठकीत संपवला!” माझं म्हणणं, नाही संपवला. नुसता पाहिला.

एनईएसवरचा (निन्टेन्डोचा जुना कन्सोल) १९८९ चा निन्जा गायडेन आठवा. कड्याच्या टोकावरून उडी मारायच्या बेतात आहात, तेवढ्यात पडद्याच्या कडेतून ससाणा येतो, धडकतो आणि त्या धक्क्याने तुम्ही मागच्या खड्ड्यात. त्यातून बचावलात आणि पाऊलभर मागे सरलात, तर आत्ताच मारलेला शत्रू त्याच जागी पुन्हा हजर. शेवटच्या बॉसपुढे हरलात तर सहावा अंक पहिल्यापासून. यावर तोड एकच, ससाणा दिसायच्या आधीच तलवार चालवायची. हे नुसतं डोक्याला कळून भागत नाही, बोटांत मुरावं लागतं. ते मुरणं म्हणजेच तो गेम होता. रिवाइंडने नेमका तोच भाग कापला की उरतात फक्त गोष्ट सांगणारी मधली चित्रं, आणि ती काय, व्हिडिओतही दिसतात.

स्मरणरंजनाचा आरोप होणार हे माहीत आहे. खुशाल करा.

तीस_लाईफ

असहमत. ‘वर वर खाली खाली डावे उजवे डावे उजवे बी ए’ हा बटणांचा गुप्त कोड कोणी काढला ठाऊक आहे ना? कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी. १९८६ मध्ये ग्रेडियस हा गेम फॅमिकॉमवर (एनईएसचं जपानी रूप) आणताना तपासणीसाठी खेळायचा, तर तो त्यांना स्वतःलाच झेपेना. म्हणून सगळी शस्त्रं एका फटक्यात हातात देणारा कोड घातला. पुढे तोच कोड कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये आला आणि ३ च्या ३० लाईफ झाल्या. गेम करणारेच आडवाटेने गेले, त्यांच्या मागून आपण गेलो. मग रिवाइंडवाल्यालाच पंक्तीतून का उठवता?

जुनी_खोड

३० लाईफसुद्धा संपतात हो. विसावी गेली की पोटात गोळा यायचाच. रिवाइंड संपत नाही, फरक तिथे आहे.

काडेपेटी

‘बोटांत मुरणं’ वगैरे ऐकायला छान आहे, पण जरा हिशेब बघा. सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० किलोबाइटचा. जागेची इतकी मारामार की ढग आणि झुडूप हे एकच चित्र, रंग तेवढे वेगळे. ज्याला कॉन्ट्रा येतो त्याचा तो अर्ध्या तासात होतो. एवढासा ऐवज महिनाभर पुरवायचा तर खेळणाऱ्याला मारत राहणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. घोस्ट्स अँड गॉब्लिन्समध्ये तर कहर आहे. जीव तोडून शेवटाला पोचलात की सांगतात, हा सगळा सैतानाने रचलेला भास होता, आता पुन्हा पहिल्यापासून खेळा! याला कला म्हणायचं की वेळकाढूपणा?

नोंदवही

काडेपेटींना +१. धागाकर्त्यांना एक प्रश्न, ‘मूळ गेम’ म्हणजे नक्की कोणता? निन्जा गायडेन ३ मध्ये जपानात वाटेल तितके कंटिन्यू (हरल्यावर पुढे खेळायची संधी) होते, अमेरिकेत मोजकेच ठेवले. कॅसलव्हेनिया ३ ची अमेरिकन आवृत्तीही जपानीपेक्षा कठीण. उलट मेगा मॅन २ तिकडे जाताना त्यात सोपा ‘नॉर्मल’ मोड घातला. आणि जपानचा १९८६ चा सुपर मारिओ ब्रदर्स २ अमेरिकेला फार अवघड जाईल म्हणून पाठवलाच नाही. दुसऱ्याच एका गेममध्ये मारिओची पात्रं बसवली आणि त्याच नावाने विकला. अवघडपणाची मात्रा कोणत्या बाजारात काय खपेल हे बघून ठरत होती. तिला वेदवाक्य का मानायचं?

काचेचा_डबा

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर बटण दाबणं आणि पडद्यावर उडी दिसणं यात जवळजवळ अंतरच नसायचं. आजचा सपाट टीव्ही चित्र आधी ‘सुधारतो’, मग दाखवतो. त्यात एमुलेटरची, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरची भर. दोन-चार फ्रेम सहज जातात आणि एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा ६० वा भाग. १९८७ च्या पंच-आउट या बॉक्सिंगच्या गेममधला शेवटचा प्रतिस्पर्धी टायसन अशा टीव्हीवर हरवून दाखवा, मग बोलू. नव्या मशीनवर तोच गेम मुळापेक्षा अवघड झालेला असतो, रिवाइंड ही त्याची थोडीफार भरपाई समजा.

रच्याकने, डक हंटची बंदूक तर सपाट टीव्हीवर चालतच नाही. ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड पकडतो. हे सगळं ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं. चित्र जरा उशिरा आलं की नेम कितीही अचूक असू दे, बदक उडून जाणार आणि तो कुत्रा हसणार.

जुनी_खोड

काचेचा_डबा, मुद्दा बरोबर, पण मग इलाज टीव्हीवर करा, चित्र न ‘सुधारता’ लगेच दाखवणारा गेम मोड लावा. नियमांना का हात घालता?

काडेपेटी, तुम्ही घोस्ट्स अँड गॉब्लिन्सचं नाव घेतलंत ते बरंच झालं. त्यात उडी एकदा मारली की हवेत वळवता येत नाही. म्हणजे जमिनीवर उभं असतानाच ठरवावं लागतं, समोरचा राक्षस कुठवर येईल, आपण कुठे पडू. शिवाय एक फटका बसला की चिलखत गळून पडतं, दुसऱ्याला खेळ खलास. ही उडी, ते चिलखत आणि परत मागे जाण्याची भीती ही एकमेकांवर तोललेली आहेत. रिवाइंड हाताशी असेल तर उडी मारण्याआधी विचार करायची गरजच काय? मार उडी, नाही जमली तर घे मागे. जागा अपुरी होती म्हणून अवघड केलं असेल, मान्य. पण कारण काहीही असो, बांधलं ते घट्ट बांधलं.

मनगट

माझ्या मनगटाचं दुखणं जुनं आहे, भराभर बटणं दाबणं जमत नाही. कॉन्ट्राच्या शेवटचं ते धडधडणारं हृदय मी रिवाइंडमुळेच पाहू शकले. ‘खेळला’ म्हणू नका हवं तर, मला प्रमाणपत्र नकोच आहे. पण २०१८ च्या सेलेस्टमध्ये असिस्ट मोड आहे, गेमचा वेगसुद्धा कमी करता येतो. तरी त्याला कोणी लेचापेचा गेम म्हणत नाही. मग जुन्यांनाच सोवळं का?

जुनी_खोड

तुमच्याशी वाद नाही. माझा रोख धडधाकट हात असून पहिल्याच खड्ड्याला रिवाइंड दाबणाऱ्यांवर आहे.

काडेपेटी

म्हणजे खेळायच्या आधी डॉक्टरांचा दाखला जोडायचा का?

फक्त_वाचक

अहो, व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. तुमचं भांडण उरलेल्या १३ टक्क्यांवरून चाललंय. रिवाइंडसकट का होईना, आधी मिळू तरी द्या! (चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

जुनी_खोड

मिळायलाच हवेत, तो वेगळा धागा होईल. इथे माझी मागणी साधी आहे. रिवाइंड ठेवा, पण शेवटच्या पडद्यावर ते किती वेळा वापरलं याचा आकडा दाखवा. मग ज्याने त्याने काय ते सांगावं.

तीस_लाईफ

दाखवा की. पण मग कोड टाकणाऱ्यांचाही दाखवा. एनईएस अॅडव्हान्टेज नावाची जॉयस्टिक खुद्द निन्टेन्डोनेच विकली होती. तिच्यावर बटण आपोआप भराभर दाबणारा टर्बो होता आणि ‘स्लो’ नावाचं बटणही. ते काय करायचं, तर पॉज भराभर दाबून गेम संथ करायचं. त्या बटणावर जिंकलेल्यांचा आकडाही येऊ द्या. आणि अवघड टप्पा आला की ज्यांनी कंट्रोलर गुपचूप मोठ्या भावाच्या हातात दिला, त्यांचा तर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत!